चोरट्या चाली

बुद्धिबळाचा डाव मांडण्यास आतां समोर मनुष्य असावा लागत नाहीं. साताऱ्याचा मुलगा मोबाइलवर लंडनच्या मुलाशीं पांच मिनिटांचा डाव खेळतो. ह्या सोयीमागून एक लबाडीही घरांत शिरली आहे. ती वाचकांपुढें, विशेषतः पालकांपुढें, मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

१९९७ सालीं डीप ब्लू ह्या यंत्रानें जगज्जेत्या कास्पारोव्ह यास हरविलें. आज स्टॉकफिश नांवाचा प्रोग्राम त्याहूनही बलवान असून तो सर्वांस फुकट मिळतो. डाव संपल्यावर अभ्यासाकरितां त्यास विचारण्यांत कांहींच दोष नाहीं. दोष आहे तो डाव चालू असतां विचारण्यांत. ह्याच कामाकरितां निराळे प्रोग्राम विकले जातात. ते पडद्यावरील पट वाचतात व उत्तम चाल बाणानें दाखवितात. पैसे नसले म्हणजे मुलें त्यांची कुलूप तोडलेली प्रत शोधूं लागतात. चोरावर मोर, दुसरें काय!

परंतु कुलूप तोडणारानें एवढे श्रम फुकट कां घेतले असावे, हा प्रश्न मुलांस सुचत नाहीं. पट वाचण्यास पडदा वाचण्याची परवानगी द्यावी लागते. आणि जो पट वाचतो तो पासवर्डही वाचूं शकतो. पुष्कळ घरीं त्याच संगणकावर वडिलांचा बँकेचा व्यवहार चालतो. व्हायरसापासून रक्षण करणारा प्रोग्राम आधीं बंद करावा, अशी सूचना अशा प्रतींबरोबर पुष्कळदां असते, आणि मुलगा ती निमूटपणें पाळतो.

बरें, ही लबाडी लपते काय? खेळाचीं संकेतस्थळें खेळाडूच्या चाली यंत्राच्या चालींशीं ताडून पाहतात. सोप्या व अवघड चालीस सारखाच वेळ घेणारा लगेच संशयास पात्र होतो. जून २०२१ मध्यें मदतनिधीसाठीं झालेल्या सामन्यांत उद्योजक निखिल कामथ यांनीं विश्वनाथन आनंद यांस हरविलें. परंतु संगणकाचें व जाणत्यांचें साहाय्य घेतल्याचें त्यांस दुसऱ्याच दिवशीं कबूल करावें लागलें.

आम्हांस वाईट वाटतें तें पलीकडच्या मुलाचें. तो आपली चूक शोधीत बसतो, आणि ती चूक त्याची नसतेच. लबाडी उघडकीस आल्यावर कांहीं संकेतस्थळें त्याचे गमावलेले गुण परत देतात; ती संध्याकाळ मात्र त्यांस परत देतां येत नाहीं.

असा प्रोग्राम घरीं आधींच आला असेल, तर तो नुसता काढून टाकणें पुरेसें नाहीं. दुसऱ्या यंत्रावरून सर्व पासवर्ड बदलावे व बँकेचें खातें तपासावें. मुलानें आपण होऊन सांगितलें तर त्यावर संतापूं नये. भीतीनें तो जितके दिवस लपवील तितके दिवस परका डोळा घरांत राहील.