काहीच सापडले नाही, तरी पाळत होतीच

बल्लारपूरला आमच्या नात्यातले एक घर आहे. घरात संगणक एकच. मुले त्यावर अभ्यास करतात, भाईजान दुकानाचा हिशेब ठेवतात. गेल्या वर्षी भाभींच्या हाताला छातीत गाठ लागली. कुणाला सांगावे सुचेना, म्हणून दुपारी घर रिकामे असताना त्यांनी चार-सहा वेबसाइटवर त्याबद्दल वाचले आणि सगळी पाने बंद केली. संध्याकाळी मुलगा क्रिकेटचा स्कोअर पाहायला बसला, तर बाजूला स्तनांच्या तपासणीची जाहिरात. दुसऱ्या दिवशी मुलीच्या अभ्यासाच्या पानावर तशीच आणखी एक.

भाईजानना वाटले, संगणकात काहीतरी शिरले. त्यांनी आम्हाला बोलावले. स्पायवेअर शोधणारे सॉफ्टवेअर लावून आम्ही पूर्ण तपासणी केली. निकाल आला : एकही धोका नाही. "हे सॉफ्टवेअरच बोगस आहे, दुसरे टाका," भाईजान म्हणाले. दुसरे टाकले, त्यालाही काही सापडले नाही. भाभी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. खरे काय ते त्यांनी नंतर आमच्या घरी येऊन सांगितले. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत, कारण असा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो.

सॉफ्टवेअर बिघडलेले नव्हते. आपण जे शोधायला सांगत होतो, ते शोधणे त्याचे कामच नव्हते.

कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतले अभियंता लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली. ऑनलाइन दुकानात ग्राहकाने काय निवडले, हे वेबसाइटच्या लक्षात राहावे एवढाच हेतू होता. आजही आपले लॉगिन टिकते ते कुकीमुळे. अडचण आहे ती तिसऱ्याच्या कुकीची. आपण उघडतो बातमीचे पान, पण त्यातला जाहिरातीचा चौकोन दुसऱ्याच कंपनीकडून येतो आणि ती कंपनीही आपली कुकी ठेवून जाते. तिचाच चौकोन आरोग्याच्या पानावर, क्रिकेटच्या पानावर आणि अभ्यासाच्या पानावरही असू शकतो. प्रत्येक ठिकाणी ती तो ब्राउझर त्याच खुणेने ओळखते. ब्राउझरपुढे अम्मी बसली आहे की मुलगा, हे तिला कळत नाही. म्हणून अम्मीची जाहिरात मुलाला दिसते.

आपल्या ताडोबातले उदाहरण घ्या. तिथे वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. पाणवठ्यावरचा फोटो आणि दूरच्या वाटेवरचा फोटो जुळला, की वाघ कुठून कुठे गेला ते समजते. कॅमेरा वाघाला इजा करत नाही. गस्तीवरचा वनरक्षक शिकाऱ्याचा फासा शोधतो, कॅमेरा नव्हे. अँटी-स्पायवेअरही फासेच शोधते, म्हणजे पासवर्ड चोरणारे, लपून चालणारे प्रोग्राम. कुकी हा प्रोग्राम नाही. पूर्वी अ‍ॅड-अवेअरसारखी सॉफ्टवेअर ट्रॅकिंग कुकीजची लांब यादी दाखवत. आता अनेकांनी ते काम सोडले आहे. विंडोजसोबत येणारा डिफेंडरही त्या शोधत नाही.

काही सॉफ्टवेअरमध्ये कुकी शोधण्याची सोय असते, तरी निकाल शून्य येतो. तेव्हा चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, सेटिंग्जमध्ये तो पर्याय चालू आहे का. दुसरी, ब्राउझर पूर्ण बंद करून तपासणी केली का. तो उघडा असेल तर कुकीजची फाइल त्याच्या ताब्यात असते. तिसरी, सॉफ्टवेअर अपडेट आहे का. ब्राउझर ही फाइल ठेवण्याची जागा कधी कधी बदलतो आणि जुन्या सॉफ्टवेअरला नवी जागा माहीत नसते. चौथी, घरात दोन ब्राउझर किंवा विंडोजची वेगवेगळी खाती आहेत का. असतील तर प्रत्येकाच्या कुकीज वेगळ्या साठतात.

खरा बंदोबस्त मात्र ब्राउझरमध्येच होतो. सफारीने २०२० पासून तिसऱ्याच्या कुकीज मुळातच बंद केल्या. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक वेबसाइटच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात ठेवतो. क्रोमनेही त्या बंद करण्याची घोषणा २०२० मध्ये केली होती, पण २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. म्हणून क्रोम वापरणाऱ्यांनी स्वतःच सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या भागात जाऊन तृतीय पक्ष कुकी ब्लॉक कराव्यात. जुन्या कुकीज पुसायच्या असतील तर आधी पासवर्ड हाताशी ठेवावेत, कारण सगळीकडून लॉगआउट व्हायला होते.

मोबाइलची गोष्ट निराळी. तिथे एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या आतल्या फाइल पाहता येत नाहीत. त्यामुळे अँटीव्हायरस ॲपला क्रोमच्या कुकीज दिसतच नाहीत. शिवाय ॲपना कुकीची गरजही नसते. जाहिरात आयडी आणि लोकेशन यांवर त्यांचे काम भागते. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकन माध्यमाने उघड केले, की नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या मुस्लिम प्रो या ॲपमधून लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होते आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमीनंतर ॲपने त्या कंपनीशी संबंध तोडला. ज्यांनी ते ॲप घेतले, त्यांनी लोकेशनची परवानगी स्वतःच दिली होती. अशा वेळी तपासणीचे सॉफ्टवेअर काय सांगणार? म्हणून परवानग्या आपणच तपासाव्यात. अँड्रॉइडवर गूगलच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या भागात जाहिरात आयडी हटवताही येतो.

गडचिरोलीकडे अहेरी, एटापल्ली, सिरोंचाच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. शिष्यवृत्तीचे आणि दाखल्यांचे अर्ज पुष्कळदा सेवा केंद्राच्या संगणकावरून भरले जातात. तिथे लॉगआउट न करता उठलो, तर आपली लॉगिनची कुकी तिथेच राहते आणि पुढचा माणूस थेट आपल्या खात्यात जाऊ शकतो. ही कुकी वेबसाइटचीच असते, त्यामुळे कोणतेही सॉफ्टवेअर तिला धोका म्हणणार नाही. इन्कॉग्निटो खिडकी उघडायला सांगावी आणि काम झाल्यावर ती आपल्यासमोर बंद करून घ्यावी. मुलीच्या आधार क्रमांकापासून बँक खात्यापर्यंत सगळे त्या अर्जात असते.

दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेऊनच शिरावे, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण घराचे दार आपणच उघडे ठेवले, तर पहारेकरी तरी काय करणार?

भाईजानच्या संगणकावर आम्ही तृतीय पक्ष कुकी बंद केल्या आणि घरातल्या प्रत्येकाला विंडोजचे वेगळे खाते करून दिले. भाभी चंद्रपूरला जाऊन तपासून आल्या. गाठ साधी निघाली, अल्हमदुलिल्लाह. सोबत कोण गेले होते, असे आम्ही विचारले. "हेच आले होते," भाईजानकडे पाहून भाभी म्हणाल्या. "जाहिरातवाल्यांना कळलं, म्हटलं आता घरच्यांनाही सांगून टाकावं."