बोळातली बाग: काही पक्के गैरसमज

टोकाचं रो-हाऊस घेतलं की घराच्या अंगाला दहा फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट लांब अशी एक पट्टी पदरात पडते. नकाशात तिचं नाव सामासिक अंतर, घरात तिला बोळ म्हणतात. पहिली दोन वर्षं तिथे उरलेल्या टाइल्स आणि मोडकी सायकल नांदते. मग कधीतरी बागेचं मनावर घेतलं जातं आणि सल्ले सुरू होतात. त्यातले बहुतेक सल्ले पाळले तर बोळाचा बोळच राहतो, फक्त हिरवा होतो.

‘दोन्ही कडांना झाडं लावा, मधून सरळ वाट सोडा, जागा मोकळी दिसेल,’ हा त्यातला सगळ्यांत पक्का. होतं उलटंच. दारात उभं राहिलं की शेवटच्या भिंतीपर्यंत सगळं एका नजरेत संपतं. दोन्हीकडच्या समांतर रेघा डोळ्याला थेट टोकाशी नेऊन आपटतात. त्यामुळे जागेची लांबी वाढल्यासारखी वाटते, रुंदी मात्र आक्रसते. नजरेला वाटेत आडवं काहीतरी लागलं पाहिजे. पंधरा फुटांवर एखादा मांडव, पुढे अर्ध्या रुंदीपर्यंत येणारा वाफा, त्याच्या मागे बसायचा कट्टा. पट्टीचे असे दोन-तीन तुकडे करायचे, आणि ते सारखे करायचे नाहीत. शहाबादी फरशी घालायची तर तिची लांब बाजू पट्टीला आडवी ठेवायची. तेवढ्यानेही फरक पडतो.

कोकणात हे कुणाला शिकवावं लागत नाही. गुहागर, दिवेआगरकडच्या वाड्या अशाच चिंचोळ्या, रस्त्यापासून थेट समुद्राकडे गेलेल्या. पण पुढे अंगण, मग घर, मागे विहीर, गोठा, मग पोफळी आणि पोफळीवर चढलेली मिरवेल. चालताना दर थोड्या अंतरावर काहीतरी आडवं येतं, आणि समुद्र शेवटपर्यंत दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

सरळ वाट नको म्हटलं की लगेच कुणीतरी नागमोडी वाट सुचवतं. ऐसपैस जागेत ती शोभते. दहा फुटांत तिला वळायला जागा कुठली? ती नुसती वळवळते. घरातली माणसं दोन दिवस वळणावळणाने चालतात, तिसऱ्या दिवशी कपड्यांची बादली घेऊन वाफ्यातून सरळ जातात. त्यापेक्षा वाट डाव्या कडेने न्यावी, मध्ये काटकोनात वळवून उजव्या कडेला घालावी. बादली घेऊन जायला तीन फूट रुंदी पुरते.

अशोकाच्या रांगेबद्दल तर बोलायलाच नको. कुंपणालगत भाल्यासारखी उभी असतात ती झाडं सीतेच्या अशोकाची नव्हेतच. खऱ्या अशोकाला नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ येतात. हा नुसता नामसाधर्म्यावर खपलेला. त्याची रांग लावली की बोळाला तिसरी भिंत मिळते.

आता उन्हाचं. ‘बोळात ऊन येत नाही, तिथे काही जगत नाही,’ हे अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच जास्त घोटाळ्याचं. पट्टी घराच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर अर्ध्या दिवसाचं ऊन असतंच. खरी पंचाईत उत्तरेकडच्या पट्टीची, आणि आमची तीच आहे. पुणं साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर जात नाही. २० फूट उंच घराची सावली तेव्हा १८ फूट पडते, म्हणजे पट्टी बुडवून शेजाऱ्याकडे जाते. मार्चच्या एकविसाव्या तारखेला तीच सावली पावणेसात फुटांवर येते आणि कुंपणालगतचे तीन फूट उजळतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो आणि सगळी पट्टी उन्हात येते. पुढे पावसाचे ढग असतात, पण मेचा दुसरा पंधरवडा मोकळाच. सावलीची जागा म्हणून लावलेले नेचे नेमके तेव्हा करपतात. आमचे दोनदा करपले. दोन्ही वेळा मी खताला दोष दिला.

भिंतीच्या पायथ्याशी म्हणून हळद, सोनटक्का आणि नळाच्या सांडपाण्यावर अळू. ही मंडळी कमी उन्हात कुरकुरत नाहीत, आणि हळद तर डिसेंबर-जानेवारीत स्वतःहूनच वाळून जाते.

‘लहान जागेला लहान झाडं’ हा नियमही याच हिशेबात कोसळतो. हिवाळ्यात जमिनीवर ऊन नसतं, वर असतं. घराच्या भिंतीपासून आठ फुटांवर लावलेला पारिजातक बारा फुटांचा झाला की त्याचा शेंडा डिसेंबरातही दुपारी उन्हात असतो. फूटभराच्या रोपांना ते नशीब नाही. शिवाय चाळीस छोट्या कुंड्या ओळीने मांडल्या की बागेला रोपवाटिकेची कळा येते. एकच बरं झाड, मधल्या तुकड्यात, थोडं एका बाजूला. जागा लहान वाटत नाही, उलट झाडामागे काय आहे ते बघायला माणूस पुढे जातो.

टोकाच्या भिंतीला आरसा लावायची एक टूम आहे. शिंजीर आणि बुलबुल त्यात दिसणाऱ्या पक्ष्याशी भांडत बसतात, चोची आपटतात. नको. त्यापेक्षा ती भिंत विटकरी किंवा गडद तांबड्या रंगाने रंगवावी. उष्ण रंग जवळ आल्यासारखे वाटतात, त्यामुळे टोक अलीकडे येतं. निळा लावला तर ते आणखी लांब जातं.

आणि एक, जे कुणी सांगत नाही: बोळाखालून ड्रेनेजची लाइन गेलेली असते. झाड लावण्याआधी चेंबर कुठे आहेत ते बघून घ्यावं आणि त्यांची झाकणं फरशीखाली गाडू नयेत. आम्ही एकावर हौसेने फरशी बसवून घेतली होती. पुढच्याच जुलैत ती फोडावी लागली. आता त्या झाकणावर अबोलीच्या दोन कुंड्या असतात, एका हाताने सरकवता येतील एवढ्याच.