साखरेचे सराफ

इंदूर शहरी राजवाड्यानजीक सराफा नावाची प्रसिद्ध पेठ आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो; रात्री ती दुकाने बंद झाली की त्यांच्याच दारांपुढे जिलबी, मालपुवा, रबडी व गराडू यांचे ठेले लागतात. मधुमेह जडलेल्या माणसाने तेथे काय करावे? हा प्रश्न थट्टेचा नव्हे. आपल्या लग्नाच्या पंगतीतही तो उभा राहतोच.

पूर्वी सराफ बंदा रुपया घेऊन खुर्दा देत असत. वाचकहो, आपल्या लहान आतड्याच्या अस्तरावरही असेच सराफ बसलेले आहेत. शास्त्रज्ञ त्यांना विकरे म्हणतात. भातातील पिष्ट व पाकातील साखर हे बंदे रुपये होत. रक्तात प्रवेश मिळतो तो केवळ खुर्द्याला, म्हणजे ग्लुकोजसारख्या सुट्या शर्करेला. सन १९९० च्या सुमारास युरोपात आलेले अकार्बोज व १९९४ साली जपानात आलेले व्होग्लिबोज ही औषधे या सराफांचे हात काही काळ धरून ठेवतात. म्हणून ती जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावयाची असतात. साखर नाहीशी होत नाही. ती रक्तात सावकाश उतरते. जी मोडल्यावाचून मोठ्या आतड्यात जाते, ती तेथील जंतू आंबवतात व पोटात वायू धरतो. तेव्हा औषध चालू आहे म्हणून जिलबीवर ताव मारण्यास मोकळीक मिळाली, असे कोणी समजू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या औषधाच्या जोडीला इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी दुसरी गोळी चालू असेल, तर कधी रक्तातील साखर फारच उतरते. घाम फुटतो, हात कापतात, भोवळ येते. अशा वेळी घरची माणसे धावत जाऊन साखरेचे पाणी देतात. परंतु साखर मोडणारे सराफच अडकलेले असल्याने ते लवकर लागू पडत नाही! तेथे ग्लुकोजची पूडच पाण्यात कालवून द्यावी, कारण ती मुळातच खुर्दा आहे. रोगी बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

आपल्या घरातील कोणाला ही औषधे चालू आहेत काय, हे आजच डॉक्टरांना विचारा. चालू असतील तर ग्लुकोजचा एक डबा साखरेच्या डब्याशेजारी ठेवा, आणि तो कशासाठी आहे हे घरातील लेकरांनाही सांगून ठेवा.