काचेच्या पेटीतले पट्टेवाले

पट्टेवाला म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे कचेरीच्या दाराशी बसलेला शिपाई उभा राहतो. आज ज्या पट्टेवाल्यांची ओळख करून द्यायची आहे, ते पाण्यात राहतात आणि एका जागी बसणे त्यांच्या स्वभावातच नाही. करंगळीएवढा मासा, अंगाचा रंग पिवळसर सोनेरी, त्यावर चार काळेभोर उभे पट्टे. पहिला पट्टा थेट डोळ्यावरून गेलेला, शेवटचा शेपटीच्या मुळाशी. नाकाडावर आणि परांच्या कडांना तांबडी झाक. दुकानदार त्याला टायगर बार्ब म्हणतात, आणि तेच नाव आता आपल्याकडेही रूढ झाले आहे.

हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा, तिथल्या रानातल्या ओढ्यांचा. बाताव्हियात नोकरीला असलेले डच लष्करी डॉक्टर पीटर ब्लीकर यांनी १८५५ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि चार पट्ट्यांवरून त्याला ‘टेट्राझोना’ हे नाव दिले. आपल्या दुकानांत मिळणारे मासे मात्र सुमात्राहून आलेले नसतात. ते हौदांत, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेले असतात. चेन्नईजवळचे कोळत्तूर तर अशा शोभेच्या माशांच्या पैदाशीसाठीच प्रसिद्ध आहे. आणखी एक गंमत सांगतो. आपले रोहू, कटला, मृगळ हे जे तळ्यात पाळायचे मासे, त्यांच्याच कुळातला हा. या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात.

आता तुम्ही म्हणाल, की ज्याच्या जबड्यात दातच नाहीत, त्याच्याविषयी ‘चावरा’ अशी तक्रार का ऐकू येते? तक्रार खरी आहे. हौसेने दोन टायगर बार्ब आणावेत, सोबत लांब परांचा एक एंजल मासा सोडावा, आणि आठ दिवसांत एंजलच्या झिरमिळ्या कुरतडलेल्या दिसाव्यात, हे पुष्कळ घरांत घडते. ओठांनी धरून हिसका दिला तरी पातळ पर फाटतो, त्याला दात लागत नाहीत. मग घरधनी काय करतो? दोघांतला जो जास्त दांडगा, तो परत देऊन येतो. उरलेला एकटा मासा एक तर कोपऱ्यात फिका पडून राहतो, नाही तर पेटीतल्या सगळ्यांचा पिच्छा पुरवतो.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला इथे अनुमानाची चूक पाहण्याचा मोह होतो. ‘मासा भांडतो, म्हणून मासे कमी करा’ हे ऐकायला बरोबर वाटते, पण या माशाच्या बाबतीत ते उलटे आहे. मासा भांडतो, म्हणून त्याचे भाऊबंद वाढवा. कारण बघा, हा घोळक्याने राहणारा जीव आहे. घोळक्यात त्यांची आपापसांत उतरंड लागते. कोण पुढे, कोण मागे, हे ते रोज एकमेकांना हुसकावून, अंगाला अंग भिडवून ठरवतात. आठ-दहा मासे असले, की हा पाठलाग सगळ्यांत वाटला जातो, कुणा एकाच्या वाट्याला फारसा येत नाही आणि दुसऱ्या जातीच्या माशांकडे पाहायला त्यांना सवड उरत नाही. तिघेच असले, तर दोघे मिळून तिसऱ्याला हैराण करतात. म्हणून सहापेक्षा कमी कधीच आणू नयेत, आठ आणावेत. एवढे करूनही एंजल, गप्पी, गुरामी, फायटर असे लांब परांचे किंवा संथ मासे त्यांच्यात सोडू नयेत. सोबत हवीच असेल, तर आपल्याच देशातला चपळ झेब्रा डॅनिओ चालतो.

पण आठ मासे म्हटले, की आठांची घाण आली. इथे खरी मेख आहे. स्वभावासाठी मासे जास्त हवेत आणि पाण्यासाठी कमी हवेत, या दोहोंचा मेळ घालायचा, तर पेटी मोठी हवी. वाटोळे काचेचे भांडे या कामाचे नाही. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी पेटी घ्या. हिच्यात किती पाणी मावते, हे गुरुजींनी वर्गात मुलांकडूनच काढून घ्यावे: काठोकाठ भरली, तर सुमारे ८८ लिटर, तळाची रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता ७० ते ७५ लिटर. काच आणि रेती धरून वजन क्विंटलच्या घरात जाते, तेव्हा ती डुगडुगत्या स्टुलावर ठेवू नये. वर झाकण हवे, हे मासे उडी मारतात. उन्हाच्या खिडकीतही ठेवू नये, नाही तर आठवड्यात काचा शेवाळाने हिरव्या होतील.

आता ज्या गोष्टीमुळे बहुतेक पेट्या पहिल्या महिन्यातच ओस पडतात, ती गोष्ट. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. तो थोडासाही साचला, तरी माशाचे कल्ले जळल्यासारखे होतात, आणि मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागतो. पाणी मात्र दिसायला काचेसारखे निर्मळ असते! शेतकरी बांधवांना यापुढची गोष्ट समजायला जड नाही. आपण शेतात युरिया टाकतो, त्याचा आधी अमोनिया होतो, मग मातीतले जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि मुळे ते नायट्रेट उचलतात. अगदी हेच काम पेटीतही व्हायला हवे. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट बरेच निरुपद्रवी. फरक एवढाच, की शेताची माती जिवाणूंनी आधीच भरलेली असते, आणि नव्या पेटीतली धुतलेली रेती व नवा स्पंज अगदी कोरा असतो. जिवाणूंची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. आपण मात्र शनिवारी पेटी आणतो आणि रविवारी मासे सोडतो.

मग मासे मरतात. घरात म्हटले जाते, ‘आम्हाला मासे लाभत नाहीत.’ कुणी म्हणते, दृष्ट लागली. कुणी म्हणते, घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले. असे म्हणणाऱ्याच्या श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही. पण शाळेच्या पेटीपुढे चाळीस मुले उभी असताना असे उत्तर दिले, की त्यांचा प्रश्न तिथेच मिटतो, आणि पुढच्या महिन्यात आणलेले नवे आठ मासे त्याच कारणाने मरतात. संकट पाण्यात होते, आणि ते मोजता येत होते. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब दुकानात मिळतात. पाण्याचा रंग पालटतो त्यावरून प्रमाण कळते.

तेव्हा पेटी भरल्यावर हवेचा पंप आणि स्पंजचा फिल्टर सुरू करावा, आणि माशांविनाच रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजू द्यावे. वर्गातल्या फळ्यावर दर दोन दिवसांनी आकडा लिहावा. अमोनिया आधी चढेल, मग उतरेल. नायट्राइट त्याच्यामागून चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर आली, की पाणी तयार झाले. हा काळ कमी करायचा असेल, तर कुणाच्या जुन्या, निरोगी पेटीतला वापरलेला स्पंज किंवा मूठभर रेती ओलीच आणावी आणि आपल्या पेटीत घालावी. विरजण लावतो ना, तसेच ते. मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, मग जाळीने मासे सोडावेत, पिशवीतले पाणी ओतू नये. पहिले काही दिवस खाणे निम्मेच द्यावे.

पाण्याविषयी दोन शब्द. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, तोही क्लोरीनच. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले, की तो बहुतेक निघून जातो. बोअरचे ताजे पाणीही तसेच ओतू नये. त्यात प्राणवायू कमी असतो, ते रात्रभर ठेवून हलवून घ्यावे. आपल्या काळ्या दगडातले बोअरचे पाणी पुष्कळदा जड आणि अल्कधर्मी असते. हौदात वाढलेले बार्ब ते बऱ्यापैकी सोसतात, पण एक गोष्ट विसरू नका: पाणी जितके अल्कधर्मी, तितका अमोनिया जास्त जहाल. दर आठवड्याला पाव हिस्सा, म्हणजे एक मोठी बादली पाणी बदलावे. काढलेले पाणी फेकू नये, ते शाळेच्या बागेतल्या टोमॅटोला घालावे. त्यात नायट्रेट असते. स्पंज घाण झाला, तर त्याच बादलीत पिळून घ्यावा. नळाखाली घासून धुणारे लोक महिनाभराची कमाई एका मिनिटात वाहून घालवतात.

वीज जाते तेव्हा काय करायचे? तास-दोन तासांनी काही बिघडत नाही. जास्त वेळ गेली, तर तांब्याने पाणी वर उचलून धार धरावी, आणि त्या दिवशी खाणे देऊ नये. आठांसाठी मोठी पेटी घ्या म्हटले, त्याचा उपयोग अशा वेळी कळतो. सुमात्रावरून विषुववृत्त जाते, तिथे पाणी बाराही महिने सारखेच कोमट. आपल्याकडे खानदेश-विदर्भात उन्हाळ्यात माठ सोडून सगळे तापते आणि नाशिककडे पौषात पाणी गारठते. या माशाला २२ ते २६ अंश सेल्सिअस मानवते. थंडीत शंभर वॅटचा हीटर पुरे; उन्हाळ्यात काचेला ओले फडके गुंडाळावे आणि झाकणाऐवजी जाळी लावून पंख्याचा वारा पाण्यावर घ्यावा.

या कुळातल्या माशांना जठर नसते, म्हणून एकदम पोटभर खाणे त्यांना सोसत नाही. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. डासांच्या अळ्या ते चवीने खातात. अधूनमधून उकडून बारीक केलेला पालकही. अंडी घालतात, पण पानांवर विखरून टाकतात आणि लगेच स्वतःच खाऊ लागतात, तेव्हा पिल्लांचा नाद सुरुवातीला नको.

मुलांना मात्र एक काम जरूर द्यावे. दहा मिनिटे पेटीपुढे बसून, कुणी कुणाला किती वेळा हुसकावले, ते वहीत टिपायचे. सगळे मासे सारखे दिसतात असे मुले आधी म्हणतील. आठवड्याभरात ती पट्ट्यांच्या बारीक फरकावरून एकेकाला ओळखू लागतील. घाबरला की पट्टे फिके पडतात, रात्री विसावताना कित्येक बार्ब डोके खाली करून लोंबकळतात, हेही तीच तुम्हाला सांगतील. कोणी दिवसाही तसाच लोंबकळत राहिला, किंवा अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो आजारी समजावा.

राहता राहिली सुटी. दिवाळीच्या पहिल्या आठवड्यात खाणे न मिळाल्याने धडधाकट मासे मरत नाहीत; शेजाऱ्याने मायेने ओतलेल्या खाद्याने मरतात. खाणे द्यायला कुणाला सांगायचेच, तर चिमटीएवढ्या पुड्या बांधून हातात द्याव्यात. मे महिन्याची सुटी मात्र लांब असते. त्या वेळी ‘आता यांना मोकळे करू’ म्हणून विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नये. पेटीतून सुटलेला तोंडाने चिकटणारा सकर मासा आज आपल्या देशातल्या कित्येक जलाशयांत पसरला आहे, आणि कोळ्यांच्या जाळ्यांना त्याचा त्रास होतो. त्यापेक्षा मास्तरांनी मासे आपल्या घरी किंवा गावातल्या कुणा हौशी माणसाकडे न्यावेत. नेताना स्पंजही पेटीतल्या पाण्याच्या डब्यात ओलाच न्यावा आणि पोहोचल्याबरोबर सुरू करावा.