सूज चेहऱ्यावर, कारण छातीत

सकाळी उठल्यावर चेहरा आणि डोळे सुजलेले. कुर्त्याचे गळ्याचे बटण लागत नाही, अंगठी बोटात रुतते. घरात कुणी ॲलर्जी म्हणते, कुणी किडनी. पण सूज फक्त छातीच्या वरच्या भागात असेल, पायांवर नसेल, आणि मान-छातीवर शिरा फुगून दिसत असतील, तर छातीची तपासणी लांबवू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्या अब्बांच्या बाबतीत तर नाहीच नाही.

डोके, मान आणि दोन्ही हातांचे रक्त एका मोठ्या शिरेतून हृदयाकडे परतते. तिला ऊर्ध्व महाशीर म्हणतात. तिची भिंत पातळ आणि आतला दाब कमी, त्यामुळे शेजारी गाठ वाढली की ती दबते. कर्करोगात ही गाठ बहुतेकदा फुप्फुसाची असते, त्याखालोखाल लिम्फोमाची. विल्यम हंटर यांनी १७५७ मध्ये या विकाराचे वर्णन केले, तेव्हा कारण मात्र महाधमनीचा फुगवटा होते.

पुढे वाकले की त्रास वाढतो. म्हणून नमाजी माणसाला तो रुकू-सजद्यात लवकर जाणवतो: डोके जड होते, चेहरा तटतटतो. इथे हट्ट नको. आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहेच. झोपतानाही उशाशी उंच टेकण द्यावे. सलाइन शक्यतो हातात लावत नाहीत. हाताच्या सुजेची कल्पना नर्सला आधीच द्या.

पूर्वी अशा रुग्णाला घाईने रेडिएशन देत. आता श्वास ठीक असेल तर आधी बायोप्सी करतात, कारण लिम्फोमा आणि फुप्फुसाचा लहान पेशींचा कर्करोग केमोथेरपीला चांगली दाद देतात. स्टेरॉइड आधीच दिले तर लिम्फोमाचे निदान अवघड होऊ शकते. म्हणून ‘काहीतरी लवकर द्या’ असा तगादा डॉक्टरांमागे लावू नये. मात्र श्वास घेताना घरघर, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा बेशुद्धी असेल, तर एक तासही थांबू नका.

अशा तातडीत स्टेंट उपयोगी पडतो. बहुधा मांडीच्या शिरेतून तार नेऊन दबलेल्या जागी धातूची जाळीदार नळी उघडतात. मोठी चिरफाड नसते. सूज बहुधा एक ते तीन दिवसांत उतरू लागते. रेडिएशनला त्याहून जास्त वेळ लागतो. शिरेत गुठळी असेल तर रक्त पातळ करणारे औषधही लागते. खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून, आपले कोणते उपचार योजनेत बसतात ते विचारा.

खरा धोका यानंतर असतो. चेहरा पूर्ववत झाला, अब्बा नीट जेवू लागले, की घरच्यांना वाटते आजार गेला. स्टेंटने फक्त रस्ता उघडलेला असतो. गाठ जागेवरच असते. केमोथेरपीची तारीख त्याच आठवड्यात ठरवून घ्या.