कोटीचा चढाईपटू आणि कोपऱ्यातला माणूस

प्रो कबड्डीच्या पाचव्या हंगामापासून बाराव्या हंगामापर्यंत, म्हणजे २०१७ ते २०२५ या काळात, आठ लिलाव झाले. आठही वेळा ज्या खेळाडूवर सगळ्यांत मोठी बोली लागली, त्याचा संघ त्या हंगामात विजेता ठरला नाही. एखाद-दुसऱ्या वर्षी असं झालं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. आठ वेळा झालं म्हणजे हिशेबातच काहीतरी चुकतंय.

हा हिशेब आमच्यासारख्यांना लागला तो लुटुपुटूच्या लिलावामुळे. आमची मंडळी निम्मी साताऱ्याची, निम्मी सांगलीची. खऱ्या लिलावाआधीच्या एखाद्या रविवारी कराडला जमायचं, कारण ते दोघांच्याही वाटेवर. प्रत्येकाने एक संघ घ्यायचा, खऱ्या संघाला असते तेवढीच पर्स वहीत मांडायची, खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट पाडायचे आणि एकाने वाटीवर चमचा आपटून बोली संपवायची. पैसा सगळा वहीतला. पण ज्याचा संघ हंगामाअखेर तळाला जाईल, त्याने मिसळीचं बिल भरायचं, एवढं मात्र खरं. या वह्या आता चाळल्या की कबड्डीतला पैसा कुठे वाहिला आणि करंडक कुठे गेला, हे दोन्ही समोरासमोर दिसतं.

सुरुवात २०१४ची. त्या वर्षी मे महिन्यात मुंबईत पहिला लिलाव झाला. सर्वांत महागडा ठरला राकेश कुमार. पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण ज्या खेळात नोकरीत बढती मिळाली तरी पुष्कळ झालं असं मानत, त्या खेळासाठी तो धक्काच होता. आपल्याकडचं लक्ष मात्र राकेशवर नव्हतं, काशिलिंग आडकेवर होतं. कराड सोडून कोल्हापूरच्या दिशेने निघालं की सातारा जिल्हा संपताच सांगली जिल्ह्यातलं कासेगाव लागतं. तिथला हा पोरगा दबंग दिल्लीकडून खेळणार म्हटल्यावर सगळ्या वाळवा तालुक्याने टीव्ही लावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला २७-२५ असं हरवून सुवर्ण घेतलं. त्या संघात सांगलीचा नितीन मदने होता. त्यानंतर लिलाव म्हटला की सांगलीकर मंडळींचा एक हात आधी खिशाकडे आणि दुसरा छातीकडे जायला लागला.

काशिलिंगने नाव राखलं. दुसऱ्या हंगामात चढाईच्या गुणांत तो सगळ्यांच्या पुढे होता. पण त्याची दिल्ली उपांत्य फेरीतही पोचली नाही. करंडक यू मुंबाने नेला. आमच्या वहीतला पहिला धडा हाच. एक माणूस रोज गुण आणतो आणि तरी संघ हरतो, हे कसं? क्रिकेटमध्ये शतक करणाऱ्याचा संघ हरला तर आपण गोलंदाजांना बोल लावतो. कबड्डीत मात्र पकड ढिली पडली म्हणायला बराच वेळ लागतो, कारण पकडीचं काम गुणफलकावर पुरतं उमटतच नाही.

हे जरा उलगडून सांगायला हवं. चढाईला ३० सेकंद. प्रतिस्पर्ध्याचा चढाईपटू आला, आपल्या डाव्या कोपऱ्याने त्याचा पाय घेण्याचा धाक दाखवला, तो बोनसची रेषा न ओलांडता परतला. गुण कुणालाच नाही. पुन्हा तसंच झालं. आता त्यांची तिसरी चढाई ‘करो या मरो’ची. गुण आणला नाही तर चढाईपटूच बाद. तो जिवावर उदार होऊन आत शिरतो आणि मध्यरक्षक त्याला उचलून आपटतो. गुण मध्यरक्षकाच्या नावावर जातो. पहिल्या दोन चढाया रिकाम्या घालवणारा कोपऱ्यातला माणूस यादीत कुठेच नाही. फँटसी खेळातही त्याला काही मिळत नाही आणि लिलावातही त्याच्यावर हात सहसा उशिरानेच वर होतो. संघमालक, टीव्हीवाले आणि वहीत संघ मांडणारे आपण, सगळे एकाच यादीकडे बघून खरेदी करतो. म्हणून बोली फुगते ती चढाईपटूचीच.

२०१७ला संघ आठाचे बारा झाले आणि भाव पेटले. नव्या यूपी योद्धाने नितीन तोमरवर ९३ लाख लावले. काशिलिंग यू मुंबाकडे आला. आमच्याकडे त्या वर्षी सांगलीच्या बाजूने त्याच्यावर एवढी चढाओढ झाली की दोघांची निम्मी पर्स तिथेच रिकामी झाली. साताऱ्याचे तिघे शांत बसून हसत होते. त्यांनी मग बचावपटू उचलले. त्यांच्या डोळ्यांसमोर गुजरातचा संघ होता. नवा संघ, मोठं नाव एकही नाही, प्रशिक्षक मनप्रीत सिंग आणि दोन्ही कोपऱ्यांत फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी ही इराणी जोडी. तो संघ पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेला. तिथे पाटण्याच्या प्रदीप नरवालने त्यांना लोळवलं, हे खरं. त्या हंगामात प्रदीपने चढाईचे ३६९ गुण केले. पण प्रदीप लिलावातून आलेला नव्हता. पाटण्याने त्याला आधीपासून सांभाळून राखला होता. बाजारात मिळणारा माणूस आणि घरात घडवलेला माणूस यांतला फरक तिथे पहिल्यांदा दिसला.

२०१८ला पहिल्यांदा कोटीचा आकडा फुटला आणि तोही एकदम सहा जणांनी. मोनू गोयतला हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख दिले. त्याच लिलावात यू मुंबाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पदार्पणाच्या हंगामातच त्याने दोनशेच्या वर गुण आणले. आमच्या वहीत मात्र तो शेवटच्या फेरीत, कुणीतरी ‘आपल्याकडचा आहे, राहू दे’ म्हणून घेतलेला. ज्याने घेतला तो त्या वर्षी पहिला आला आणि पुढची कित्येक वर्षं तेच ऐकवत राहिला. करंडक बंगळुरू बुल्सने जिंकला. त्यांचा पवन सेहरावत कोटीच्या यादीत नव्हता आणि अंतिम सामन्यात त्याने एकट्याने २२ गुण केले. त्या संघात काशिलिंगही होता. कासेगावकडे करंडक आला तो असा, त्याच्यावरची बोली उतरल्यावर.

पुढच्याच वर्षी सिद्धार्थचा भाव १ कोटी ४५ लाखांवर गेला, हंगामातला सर्वाधिक. तेलुगू टायटन्सने त्याला घेतलं आणि त्याने चढाईत पुन्हा ढीगभर गुण आणले. टायटन्स मात्र बाद फेरीत गेले नाहीत. विजेता झाला बंगाल वॉरियर्स आणि तोही अंतिम सामन्यात कर्णधार मनिंदर सिंग दुखापतीने बाहेर असताना. ज्याच्यावर संघ उभा आहे असं सगळे म्हणत, तो नसतानाही जो संघ जिंकतो, त्याची बांधणी बघावी. आम्ही त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढवला. ‘पहिला चढाईपटू गेला तर?’

कोविडनंतरच्या लिलावात प्रदीप नरवाल यूपी योद्धाकडे १ कोटी ६५ लाखांना गेला. दिल्लीने त्याच लिलावात मनजीत छिल्लर, जीवा कुमार, संदीप नरवाल, अजय ठाकूर असे उतरत्या वयाचे गडी गोळा केले. आमच्यात त्या संघाला ‘पेन्शनरांचं मंडळ’ असं नाव पडलं. तरुण नवीन कुमार चढाईला आणि मागे ही जाणती मंडळी. फेब्रुवारी २०२२मध्ये पाटण्याला ३७-३६ असं एका गुणाने हरवून दिल्ली विजेती झाली. शेवटच्या मिनिटात पाय न हलवता उभं राहणं तरुणाला जमत नाही, हे तेव्हा कळलं.

नवव्या हंगामात तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख ५० हजार मोजले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. आमच्या लुटुपुटूच्या लिलावात ज्याने पवनला घेतलं होतं, त्याला सगळ्यांनी त्याच रात्री मिसळीच्या बिलाची आठवण करून दिली. पण खरे थलायवाज बुडाले नाहीत. नरेंदर या नव्या पोराने चढाईचे २४३ गुण केले आणि संघ उपांत्य फेरीत गेला. पुढच्या वर्षी पवन आणखी महाग झाला. टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं आणि २२ सामन्यांत फक्त दोन जिंकून ते तळाला राहिले. पवन खेळला नाही असं नव्हे. पर्सचा निम्म्याहून जास्त पैसा एकावर ओतल्यावर बाकीचे सहा कुठून आणायचे, हा प्रश्न होता. पर्स पाच कोटींचीच होती.

त्याच लिलावात दुसऱ्या क्रमांकाची बोली होती इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर, २ कोटी ३५ लाख. घेणारं होतं पुणेरी पलटण. शादलू हा मुळात कोपरारक्षक, गरज पडली तर चढाई करणारा. पलटणने त्याला आधीच जमलेल्या संघात बसवला. कर्णधार अस्लम इनामदार तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला, जोडीला मोहित गोयत आणि तरुण बचावफळी. १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ हरवून पुण्याने पहिला करंडक घेतला. पुढच्या हंगामात शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, पुन्हा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीने, आणि हरियाणा विजेता झाला. मग २०२५ला तोच शादलू लिलावातला सर्वांत महाग खेळाडू ठरला, २ कोटी २३ लाख, गुजरात जायंट्स. गुजरात पहिल्या आठांतही नव्हतं. माणूस तोच. दोनदा तयार घरात गेला आणि तिसऱ्यांदा त्यालाच घर बांधायला सांगितलं.

त्या लिलावात बंगालने देवांक दलालवर २ कोटी २० लाख ५० हजार लावले. तेही बाद फेरीबाहेर राहिले. ज्या प्रदीप नरवालवर एकेकाळी विक्रमी बोली लागली होती, त्याला कुणी घेतलंच नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. करंडक दिल्लीने नेला, पुण्याला ३१-२८ हरवून. प्रशिक्षक जोगिंदर नरवाल, जो २०२२च्या ‘पेन्शनरां’चा कर्णधार होता.

हे फक्त कबड्डीचं आहे का? सांगलीच्या स्मृती मानधनाकडे बघू. १३ फेब्रुवारी २०२३ला मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला, त्यात पहिलं नाव तिचं पुकारलं गेलं आणि ३ कोटी ४० लाखांवर बंगळुरूने तिला घेतलं. त्या दिवसाची ती सर्वांत मोठी बोली होती. पर्स १२ कोटींची. पहिल्या हंगामात बंगळुरूने ओळीने पाच सामने गमावले. २०२४ला मात्र स्मृतीच्या नेतृत्वाखाली तोच संघ विजेता झाला. अंतिम सामन्यात दिल्ली बिनबाद ६४ वरून ११३ वर गारद झाली. श्रेयांका पाटील चार, सोफी मोलिन्यू तीन, आशा शोभना दोन बळी. श्रेयांका आणि आशा दहा-दहा लाखांच्या, मोलिन्यू तीस लाखांची. पहिल्या वर्षी स्मृतीभोवती नावं होती, दुसऱ्या वर्षी तिच्याभोवती फिरकी उभी होती.

लुटुपुटूच्या लिलावातून हे आधी कळतं, म्हणून त्याचं मोल. काही युक्त्याही तिथेच सापडल्या. आपल्याला नको असलेलं मोठं नाव सुरुवातीलाच पुकारायला लावायचं, म्हणजे इतरांच्या पर्स हलक्या होतात. डावा आणि उजवा कोपरा जोडीने घ्यायचा, कारण साखळी धरायची सवय एका सरावात लागत नाही. एकाच बाजूने चढाई करणारे दोघे घ्यायचे नाहीत. आणि ड गटातल्या चार नावांसाठी पैसे राखूनच ठेवायचे.

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. बारावा हंगाम सुरू व्हायच्या जेमतेम आठवडाभर आधी फँटसीतली पैशांची स्पर्धा थांबली. अनेकांचा त्यात हात पोळला होता, तेव्हा बरंच झालं. वहीतला लिलाव कुणी बंद केलेला नाही आणि त्यात मिसळीपलीकडे कुणाचं काही जात नाही.

आता तर आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात टेनिसबॉल क्रिकेटचे संघही पॉइंटांच्या बोलीवर ठरतात. तिथेही पहिल्या तासात फटकेबाजांवर पॉइंट उधळले जातात आणि शेवटी यष्टिरक्षकासाठी शोधाशोध होते. अशा मंडळींना आणि पुढच्या प्रो कबड्डीआधी वही उघडणाऱ्यांना एकच सांगणं आहे. पहिल्या पानावर दोन्ही कोपऱ्यांची नावं लिहा, मग मध्यरक्षकांची. चढाईपटूसाठी जे उरेल त्यात मिळेल तो घ्या. ‘आपला माणूस’ असेल तर जरूर घ्या, पण त्याची किंमत बोली सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा आणि त्यापुढे हात वर करू नका.