पीएसएचा आकडा हा इशारा आहे, निकाल नव्हे

सालेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या टोकाचे, छत्तीसगडच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. येथले आमचे कापड दुकानदार, शिंपी आणि आठवडी बाजार करणारे बांधव गिऱ्हाइकांच्या गर्दीत तासन् तास बसून असतात. पन्नाशीनंतर लघवीची धार मंदावते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते, थेंब थेंब गळून वजू टिकत नाही. माणूस मनात कुढतो, पण शरमेने डॉक्टरांना सांगत नाही. दुसरीकडे, तपासणी शिबिरात पीएसए नावाची रक्ताची चाचणी होते आणि वाढलेला आकडा पाहून घरात रडारड सुरू होते. लपवणे आणि घाबरणे, दोन्ही तोट्याचेच सौदे. सबब या चाचण्यांचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. पीएसए हे तिच्यातच तयार होणारे प्रथिन असून त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही चाचणी 1986 साली रुग्णावर देखरेखीसाठी व 1994 साली कर्करोग शोधण्यास मदत म्हणून मान्य केली. साधारणपणे 4 नॅनोग्रॅमच्या वरचा आकडा वाढलेला समजतात.

मात्र हा आकडा केवळ कर्करोगाने वाढत नाही. वयोमानाने ग्रंथी मोठी होणे, लघवीतील जंतुसंसर्ग, लघवी तुंबून नळी घालणे, यांनीही तो चढतो. 4 ते 10 च्या दरम्यान आकडा असलेल्या दर चार पुरुषांपैकी साधारण एकालाच पुढील तपासणीत कर्करोग निघतो. उलट 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आकडा 4 किंवा त्याहून कमी असलेल्यांपैकीही सुमारे 15 टक्के पुरुषांत कर्करोग आढळला. एका धाग्यावरून सबंध ताग्याची परख होत नाही, तसेच हे आहे. ग्रंथी लहान करणारी फिनास्टेराइड ही गोळी काही महिने घेतल्यास आकडा सुमारे निम्मा होतो. म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

पक्के निदान बायोप्सीने, म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढून होते. त्यात रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका असतो. म्हणून सुई कोणाला टोचावी व कोणाला नाही, हे आधी ठरवणाऱ्या रक्त-लघवीच्या चाचण्या शास्त्रज्ञांनी शोधल्या. त्यातली सोपी म्हणजे मुक्त पीएसएचे प्रमाण : ते जितके कमी, तितका संशय अधिक. पीएचआय या चाचणीत पीएसएच्या तीन प्रकारांचा एकत्रित हिशेब होतो. तिला व लघवीवरच्या पीसीए3 चाचणीला अमेरिकेत 2012 साली मान्यता मिळाली. पीसीए3 साठी डॉक्टर आधी बोटाने ग्रंथी दाबून तपासतात व त्यानंतरची पहिली लघवी घेतात. त्याआधी 2005 साली मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या पथकाने या कर्करोगात दोन जनुके जोडली गेल्याची खूण शोधली. लघवीत ती खूणही तपासता येते. या नव्या चाचण्या महाग आहेत आणि त्यांचे काम बायोप्सीची गरज ठरवण्याचे आहे. पीएसए वाढला की आता बायोप्सीपूर्वी एमआरआयही काढतात.

मग आमच्या बांधवांनी काय करावे? तक्रार असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. आकडा वाढलेला निघाल्यास लघवीची तपासणी करून, संसर्ग असल्यास त्यावर उपचार घेऊन, काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करावा. पुन्हाही वाढलेलाच असेल तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे. सालेकशाहून रेल्वेने गोंदिया गाठता येते. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड व आधार दाखवून करावी.

तक्रार नसताना चाचणी करावी काय? अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने 2018 साली सांगितले की 55 ते 69 वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी फायदा-तोट्याची चर्चा करून स्वतः ठरवावे आणि सत्तरीनंतर सरसकट चाचणी करू नये. कारण यातले कित्येक कर्करोग संथ असतात. त्यांवर नुसती नजर ठेवली तरी चालते, आणि विनाकारण शस्त्रक्रियेने लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. पण वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर डॉक्टरांशी लवकर बोलावे. सुरुवातीला हा कर्करोग पुष्कळदा काहीच त्रास देत नाही. कंबरेच्या हाडांत दुखू लागते तेव्हा तो बहुधा पसरलेला असतो.

प्रत्येक तपासणीचा कागद तारखेसह वहीत लावून ठेवावा. आकडा कोणत्या गतीने चढतो, हे डॉक्टरांना एका कागदावरून कळत नाही.